सहा दहाची गाडी

वाघजाईवाडी, ता. मुळशी
१२ जानेवारी २०२५

चि. आरोहीस अनेक आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिवतेय म्हणून घाबरू नकोस, घरात सगळी बरी हायेत. हितं रेंज येती ती फक्त देवळाच्या पायरीवर, आणि तितं बसून बोललं की सगळं गाव ऐकतं. शिवाय फोनवर तू "बघते काकू" म्हणतीस आणि बोलणं संपतं. कागदावर तुला चार ओळी तरी लिवाव्या लागतील.

एक तारखेपास्नं आपली सकाळची सहा दहाची गाडी बंद झाली. संध्याकाळचीपण. आदल्या दिवशी कंडक्टर म्हणला, "वहिनी, उद्यापासून मी न्हाई." आमाला वाटलं बदली झाली बिचाऱ्याची. दुसऱ्या दिवशी आमी कारखान्याच्या सहाजणी थंडीत सातपर्यंत उभ्या. भाजीवाली आक्काबाई म्हणली, पंक्चर झाली असंल. तसे चार दिवस आमी पंक्चरवर काढले. मग पिरंगुटच्या डेपोत कळलं की मार्गच बंद.

तुला माहीत हाय, उरवड्याच्या कारखान्यात मी अकरा वर्षं तपासणीच्या टेबलावर हाय, पण ठेकेदाराकडून. यंदा मार्चअखेर कायम करायची यादी लागायचीय आणि पहिल्या तिघांत माझं नाव हाय. साहेब म्हणले, "वैशालीताई, काम तुमचं चोख हाय, फक्त हजेरी सांभाळा." सातला मशीनवर बोट लावायचं. सात पाचला मशीन लाल होतं. तीन लाल झाली की एक गैरहजेरी. कारखाना नऊ किलोमीटर, आणि तुझ्या काकांची माणला रखवालीची रात्रपाळी, फटफटी घेऊन ते घरी येतात आठला. आता दुधाच्या पिकअपमधी कॅनांच्या मधी उभं राहून जाते. आठ दिवसांत चार लाल झाली.

तू गाड्या-रस्त्यांचंच शिकलीयस. गाडी कुणी आणि का बंद केली, एवढं शोध.

तुझी,
वैशाली काकू


सूस
२४ जानेवारी २०२५

प्रिय काकू, नमस्कार.

तुझं पत्र २१ तारखेला मिळालं. मुद्द्याचं लिहिते.

परिवहन प्राधिकरणाने डिसेंबरमध्ये मार्ग-पुनर्रचनेचा आदेश काढला. त्यात एकूण ४१ फेऱ्या बंद झाल्या. निकष असा होता : ज्या गावाच्या थांब्यावर एका फेरीला सरासरी चारपेक्षा कमी प्रवासी चढतात, तिथली फेरी बंद. त्यातून मोकळ्या झालेल्या गाड्या माणकडे, आयटी पार्कच्या मार्गावर वळवल्या आहेत. आदेशाला एका सल्लागार कंपनीच्या अहवालाचा आधार आहे. तो अहवाल मी पाहिला आहे. त्यात वाघजाईवाडीची सरासरी शून्य आहे.

सोबत अर्जाचा मसुदा जोडला आहे. त्यावर गावातल्या किमान पंचवीस प्रवाशांच्या सह्या घे, आणि पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नकोस. अर्जात भावनेचं काही लिहू नका. रोज कोण, कुठे, किती वाजता जातं एवढंच लिहा. अशा ठिकाणी आकड्याला आकड्यानेच उत्तर द्यावं लागतं.

तुझ्या कारखान्याच्या साहेबांना गाडी बंद झाल्याचं लेखी कळव आणि त्याची प्रत जवळ ठेव.

आरोही


वाघजाईवाडी
११ फेब्रुवारी २०२५

चि. आरोहीस आशीर्वाद.

तुझं पत्र यायला बारा दिवस लागले. टपालाची पिशवी त्याच गाडीनं यायची. आता पोस्टमन हप्त्यातनं दोनदा येतो, त्याच्या मर्जीनं.

शून्य म्हंजे काय गं? भावना लिवू नका म्हणलीस. बरं. हे घे आकडे. आमी कारखान्याच्या सहा. शाळेला आपली दिशा आणि तिच्यासंगं चार पोरी. पिरंगुटला भाजी नेणाऱ्या तिघी. दामूतात्या दर पंधरवड्याला रक्तदाबाच्या गोळ्या आणायला, तो अर्धा धर. बांधकामावर जाणारे सात-आठ गडी. अर्जावर एक्केचाळीस सह्या झाल्या. तरी तुझ्या अहवालात शून्य! आमी काय भुतं होतो व्हय अकरा वर्षं? भुतांना तिकीट फाडतं का कुणी?

अर्ज द्यायला मी एक रजा टाकली. प्राधिकरणाच्या हापिसातल्या साहेबानं अर्ज उलटासुलटा करून बघितला आणि म्हणला, "ताई, तुमी म्हणताय ते खरं असंल, पण रेकॉर्ड तसं न्हाई." मी म्हणलं, "साहेब, मी रेकॉर्ड न्हाई, मी रोज जाणारी बाई हाय." त्यानं पोच दिली. एक पोच मिळाली तर घरी येताना मी लॉटरी लागल्यागत आनंदात होते, म्हंजे बघ.

आणि ऐक, खरं वाटायचं न्हाई तुला. मागच्या हप्त्यात वेशीबाहेर, आपला थांबा होता तितं, जेसीबी आला. नवीन थांबा बांधला! स्टीलची बाकडी, वर निळा पत्रा, राती पेटणारा दिवा आणि पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो. ठेकेदाराच्या माणसाला आक्काबाईनं विचारलं, "दादा, गाडी कवा येणार?" तो म्हणला, "मावशी, मला फक्त शेडची ऑर्डर हाय." जुना लोखंडी खांब, प्राधिकरणाच्या पाटीचा, उपटून गटारात टाकला होता. दामूतात्यानं उचलून गोठ्यात आणून ठेवला, म्हणतो गाईला बांधायला कामाला येईल.

लाल अकरा झाली. ज्यानं शून्य मोजलं त्याला एकदा हितं आणून उभं कर. मला फक्त त्याचं तोंड बघायचंय. आणि कुठल्या दिवशी मोजलं ते विचारून कळव.

वैशाली काकू


सूस
२ मार्च २०२५

प्रिय काकू, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. संगणकातल्या नोंदी मागवाव्या लागल्या.

आधी थांब्याबद्दल. मी चौकशी केली. निवारा बांधण्याचा निधी एका विभागाचा, गाड्या चालवण्याचा दुसऱ्याचा. निवाऱ्याचं काम गाडी बंद होण्याआधी मंजूर झालं होतं. ते रद्द केलं तर मार्चअखेर निधी परत जातो, म्हणून बांधलं. दोन्ही विभागांचं म्हणणं आहे की त्यांचं काम नियमाप्रमाणे झालं. दोघांनी एकमेकांना विचारलं का, असा प्रश्न मी लेखी केला. उत्तर आलं : "ही बाब या कार्यालयाशी संबंधित नाही." नव्या विजेवरच्या बारा गाड्यांचं उद्घाटन नोव्हेंबरमध्ये झालं. त्या अजून आगारात उभ्या आहेत, कारण चार्जिंगच्या वीजजोडणीची निविदा निघायची राहिली. तुमची गाडी मात्र एका दिवसात बंद करता आली. बंद करायला निविदा लागत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. प्रवासीगणना २०२४ मध्ये तीन दिवस झाली : ९ जुलै, १६ जुलै आणि २३ जुलै. तिन्ही मंगळवार. हे मुद्दाम तसं असतं. सोमवारी आणि शुक्रवारी लोकांचा प्रवास नेहमीपेक्षा वेगळा असतो, म्हणून आठवड्याच्या मधला दिवस घेतात. तीन वेगळ्या आठवड्यांत तोच वार घेतला की एखाद्या दिवशीची गडबड सरासरीत विरून जाते. पद्धतीत चूक नाही, हे मी खात्रीने सांगू शकते.

तरी तीनही दिवस शून्य कसं, हे मला समजलेलं नाही.

आरोही


वाघजाईवाडी
१० मार्च २०२५

आरोही,

आषाढातले मंगळवार!

अगं, आषाढात गाव मंगळवार पाळतं. कोंबडं आरवल्यापास्नं दिवे लागेपर्यंत कुणी वेस ओलांडत न्हाई. नांगर धरत न्हाई, दुकान उघडत न्हाई. वाघजाईचा वार. कारखान्यातपण ठावं हाय, त्या महिन्यात आमची सहाजणींची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी देतात. शाळेच्या मास्तरांना ठावं हाय. कंडक्टरला ठावं हाय, तो त्या दिवशी वेशीपाशी गाडी न थांबवता हात दाखवून जायचा.

वरसाचे तीनशे पासष्ट दिवस सोडून ह्या शहाण्यांनी नेमके ते तीन शोधले. गावातल्या शेंबड्या पोरालापण विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. का न्हाई विचारलं? कोण होता तो?

यादी लागायला वीस दिवस उरलेत. तोवर चूक दुरुस्त होईल का, एवढंच सांग.

वैशाली काकू


सूस
३० मार्च २०२५

काकू,

आज पाडवा. शुभेच्छा या पत्रात लिहिणं बरं दिसणार नाही.

तो मीच होते.

थांब्यावर उभं राहून मोजणारा मुलगा वेगळा होता, निषाद नावाचा, रोजंदारीवरचा. पण त्या सल्लागार कंपनीत मी नोकरी करते. गणनेचा नमुना मी तयार केला, दिवस मी ठरवले, तक्ता मी तपासला आणि अहवालावर माझी सही आहे. जानेवारीत "अहवाल मी पाहिला आहे" असं लिहिलं, ते खोटं नव्हतं, पण खरं सांगणंही नव्हतं.

बाबांनी गाव सोडल्यावर मी फक्त मे महिन्याच्या सुट्टीत यायचे. आषाढ मी कधी पाहिला नाही. पण हे कारण पुरेसं नाही, कारण तक्ता तपासताना मी थांबले होते. वाघजाईवाडी हे नाव दिसलं, पुढे तीन शून्यं दिसली, आणि तुला फोन करावा असं मनात आलं. केला नाही. आपल्या गावाला मी वेगळी वागणूक दिली, असं कोणी म्हणू नये म्हणून. बेरीज पुन्हा तपासली. ती बरोबर होती.

तुझं पत्र आल्यावर मी थांब्यावर हाताने भरलेले मूळ कागद काढून घेतले. निषादने तिन्ही दिवस खाली शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं आहे. पहिल्या दिवशी : "दुकान बंद, रस्त्यावर कोणी नाही." दुसऱ्या : "आजही बंद." तिसऱ्या दिवशी : "गावात काहीतरी पाळतात का? वरिष्ठांनी विचारावं." शेऱ्याचा रकाना संगणकात भरायचा नाही, वेळ जातो, असं मीच ठरवलं होतं. त्यामुळे ते कोणी वाचलं नाही.

१७ मार्चला मी चूक लेखी कळवली, माझ्या नावाने. आमच्या कंपनीने मला त्या कामावरून काढलं. प्राधिकरणाचं उत्तर परवा आलं. तसंच उतरवते : "गणनेतील त्रुटीची नोंद घेतली. तथापि आदेश गणनेवर नसून अहवालावर आधारित असल्याने त्यात बदलाचे कारण दिसत नाही."

हे वाक्य मी अनेकदा वाचलं. ते लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला राग येत नाही असं घरात सगळे समजतात. तो येतो.

तुझी यादी उद्या लागेल. मी वेळेत काही करू शकले नाही.

आरोही


वाघजाईवाडी
२८ एप्रिल २०२५

आरोही,

तुझं पत्र महिनाभर डब्यात ठेवलं होतं. उत्तर लिवायला हात धजत न्हवता.

एकतीसला यादी लागली. माझं नाव न्हाई. एवढंच असतं तरी मी गप बसले असते. एक तारखेला बोट लावलं, तर मशीन म्हणलं, "नोंद नाही." गेटवरचा शिपाई अकरा वर्षं मला ताई म्हणतो, तो म्हणला, "ताई, ठेकेदारानं नवीन पोरी घेतल्यात, पिरंगुटच्या. त्यांच्या दारात गाडी हाय." म्हंजे तुझ्या कागदावरपण मी शून्य आणि त्यांच्यापण. साहेबाला गाडीचं लेखी दिलं होतं, तू सांगितलंस तसं. त्याची प्रत अजून जवळ हाय. तिचं काय करू ते तू न्हाई सांगितलंस.

आता मी आक्काबाईच्या वावरात खुरपायला जाते. हात तपासणीचेच ऱ्हायलेत. एकेक रोप उजेडाला धरून बघते, तर ती हसती, "वैशे, ह्याला शिक्का मारायचा न्हाई."

एक गोष्ट माझ्या घशाखाली जात न्हाई. तू चुकलीस, ते जाईल. माणूस चुकतं. पण नातं आड येऊ नये म्हणून तू फोन केला न्हाईस. परक्या गावाचं तीनदा शून्य आलं असतं तर विचारलं असतंस व्हय? मग नात्याचा आमाला तोटाच झाला की. तू कुणावर अन्याय नको म्हणून इतकी सरळ उभी ऱ्हायलीस, की आमच्या अंगावर उभी ऱ्हायलीस.

मी म्हणलं होतं, ज्यानं मोजलं त्याचं तोंड बघायचंय. आता तुझं बघू वाटत न्हाई. पण काम अर्धं टाकून जायचं न्हाई, एवढं तुझ्या बाबानं तुला शिकवलं असंल. माझी नोकरी गेली, ती येत न्हाई. दिशा आणि पोरी अजून पिकअपमधी उभ्या ऱ्हाऊन शाळेला जातायत. परत मोजायला लाव त्यांना.

वैशाली


सूस
१५ जून २०२५

काकू, नमस्कार.

तू लिहिलंस ते बरोबर आहे. परक्या गावाचं असतं तर मी विचारलं असतं.

दीड महिन्यात काय झालं ते लिहिते. तुमच्या एक्केचाळीस सह्यांचा अर्ज, त्याची पोच, निषादचे तीन कागद आणि माझं प्रतिज्ञापत्र घेऊन मी सुनावणी मागितली. दोनदा पुढे ढकलली गेली. तिसऱ्यांदा झाली. तिथले अधिकारी सौम्य होते, त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, मागणी असेल तर आम्ही गाडी देऊच. पण गाडी नसलेल्या मार्गावर प्रवासी मोजता येत नाहीत, कारण तिथे प्रवासी नसतात." मी विचारलं, मग मागणी सिद्ध कशी करायची? ते म्हणाले, "गाडी सुरू असताना." मी विचारलं, गाडी सुरू कशी होणार? ते म्हणाले, "मागणी सिद्ध झाल्यावर." खोलीत पाच माणसं होती. कोणीही हसलं नाही. एकाने बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

त्यांच्याच नियमावलीत 'संभाव्य प्रवासीगणना' नावाचं एक कलम आहे, ते मी वाचून दाखवलं. थांब्यावर गाडीच्या वेळी हजर असलेली माणसं मोजायची, गाडी असो वा नसो. ते कधी वापरलेलं नाही, असं ते म्हणाले. वापरायला बंदी आहे का, असं मी विचारलं. शेवटी मंजुरी मिळाली. एकच दिवस, सकाळी सहा दहाची वेळ. मोजणारी दुसऱ्या कंपनीची. मला तिथे हजर राहायला मनाई आहे, आणि ते योग्य आहे.

आता वाईट भाग. तारीख ८ जुलै. मंगळवार, आषाढातला. मी लेखी हरकत घेतली. उत्तर आलं की तारखा संगणकातून निघतात, आठवड्याच्या मधल्या वारीच, आणि बदलल्या तर निःपक्षपातीपणा राहत नाही. हा नियम मीच त्यांना लिहून दिला होता.

गावाने काय करावं हे मी सांगणार नाही. वार पाळायचा की मोडायचा, तो हक्क माझा नाही. फक्त माहिती म्हणून एक लिहिते. नमुन्यात थांब्याची व्याख्या दिलेली आहे : "प्राधिकरणाचा फलक जिथे उभा आहे ती जागा." निवाऱ्याचा त्यात उल्लेख नाही.

आरोही


वाघजाईवाडी
१० जुलै २०२५

चि. आरोहीस आशीर्वाद.

तुझं पत्र दामूतात्याला देवळात वाचून दाखवलं. वार पाळायचा पुकारा त्याचा असतो. तो भडकलाच. "सरकारसाठी देवीचा वार मोडायचा? उद्या म्हणतील दिवाळी चैत्रात करा!" गडी म्हणायला लागले, एक दिवस ओलांडू वेस, पोरींच्या शाळेचा सवाल हाय. बाया म्हणायला लागल्या, देवी कोपली तर ते साहेब येणार हायेत का निस्तरायला. दोन राती भांडण चाललं. मग मी तुझी शेवटची ओळ परत वाचली. फलक उभा हाय ती जागा. आक्काबाई म्हणली, "फलक तर तात्याच्या गोठ्यात हाय. त्याला गाय बांधलीय."

मग तात्याच म्हणला, "वेस ओलांडायची ती गाडीत चढायला. गाडी तर येणारच न्हाई. मग ओलांडायची कशाला?" एवढा हसला, की खोकला आला त्याला.

सोमवारी संध्याकाळी गाईला दुसरा खुंटा दिला. खांब धुतला, देवळासमोर, वेशीच्या आत खड्डा घेऊन उभा केला. पाटी जरा वाकडी हाय, पण नाव वाचता येतंय.

मोजणारी आली पावणेसहाला. अपूर्वा नाव तिचं, तुझ्याएवढीच असंल. पिरंगुटवरनं रिक्षा करून आली, पावसात निम्मी भिजलेली. वेशीतनं आत येत म्हणली, "काकू, इथे यायला बस नाहीये का?" आक्काबाई म्हणली, "तेच मोजायला आलीस, बाय."

ती आधी बाहेरच्या निळ्या पत्र्याच्या थांब्यात जाऊन बसली होती. मी वेशीच्या आतनंच हाका मारून तिला व्याख्या काढायला लावली. तिनं कागद उलटले, वाचलं, बाहेरच्या फोटोकडं बघितलं, आतल्या खांबाकडं बघितलं आणि गुमान छत्री घेऊन आत आली. नियमाची पोरगी हाय. तुझ्यागत.

त्रेपन्न माणसं झाली. दिशा आणि पोरी दप्तरं घेऊन. भाजीवाल्या पाट्या घेऊन, रिकाम्या, कारण त्या दिवशी भाजी तोडायची नसती. गडी थाप्या घेऊन. तात्या औषधाची चिठ्ठी घेऊन. कुणी कुणाला ढकलत न्हवतं. अशी रांग आमी गाडी होती तवापण कधी लावली न्हवती. अपूर्वाला शेऱ्याच्या रकान्यात वार पाळण्याचं लिवायला लावलं, आणि कॉम्प्युटरवर चढवलं का ते विचारायला तिचा नंबर घेतला. तो कागदाच्या मागं लिवलाय. ते काम तुझं.

पुढचं काय होईल ते ठावं न्हाई. एका मार्गाला हो म्हणायला त्यांना किती महिने लागतात ते आपण बघूच. तुझं तोंड बघू वाटत न्हाई असं लिवलं होतं. ते आता तेवढं खरं न्हाई. मंगळवार सोडून ये.

रांगेत पयली मीच होते. सकाळी चारला उठून डबा केला होता, कारखान्याची निळी साडी नेसले होते, गळ्यात जुनं ओळखपत्र. काकांनी त्या राती रजा घेतली होती, त्यांनी डबा पिशवीत घालून दिला. अपूर्वानं नाव लिवलं, वय लिवलं सेहेचाळीस. मग विचारलं, "प्रवासाचं कारण?"

मागं आक्काबाई उभी होती, तिच्याच वावरात मी खुरपते. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी म्हणलं, "काम. उरवड्याला. सातला बोट लावायचं असतं."

तिनं लिवून घेतलं आणि घड्याळात बघितलं. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. आमी सगळी रस्त्याकडं तोंड करून उभी ऱ्हायलो.

तुझी,
वैशाली काकू